अनुभव, ओळख आणि उंबरठा : मराठी साहित्यातील कामाच्या शोधाचे रूप

१

मराठी समीक्षेत 'अनुभव' ही संज्ञा जेवढ्या विश्वासाने वापरली गेली, तेवढ्या विश्वासाने दुसरी एखादी संज्ञा क्वचितच वापरली गेली असेल. नवकाव्य आणि नवकथा यांच्या समर्थनार्थ ती पुढे आली, तेव्हा तिच्यात व्यक्तीच्या अंतर्मनाचा अर्थ प्रधान होता. १९६० नंतर ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेत ती 'जगलेल्या' जीवनाची वाचक बनली आणि लेखकाच्या प्रामाणिकतेचा निकष म्हणून तिचा उपयोग होऊ लागला. देशीवादी मांडणीने तिला भूमी आणि परंपरा यांच्याशी जोडले. या तिन्ही टप्प्यांवर संज्ञेचा आशय बदलला. परंतु तिच्यामागील एक गृहीत मात्र बदलले नाही. अनुभव लेखकापाशी अगोदरच असतो, प्रश्न असतो तो केवळ त्याला रूप देण्याचा, असे हे गृहीत होय.

याच शब्दाचा दुसरा एक व्यवहार समीक्षेच्या बाहेर अखंड चालू असतो. श्रमाच्या बाजारात अनुभव ही जवळ असण्याची गोष्ट नसते. ती दाखवावी लागते आणि कोणीतरी मान्य करावी लागते. मान्य करणारा त्या ठिकाणचा असतो, मागणारा बहुधा बाहेरून आलेला. बाहेरून आलेल्याने पूर्वी काय केले यापेक्षा 'येथे' काय केले, या प्रश्नाला तेथे महत्त्व असते. या प्रश्नात एक वर्तुळ दडलेले आहे. काम मिळण्यासाठी येथील अनुभव हवा आणि येथील अनुभव मिळण्यासाठी काम हवे.

कॅनडासारख्या देशात या वर्तुळाला नावही मिळालेले आहे. 'कॅनडाचा अनुभव' हा तेथील नोकरीच्या जाहिरातींतील परिचित शब्दप्रयोग होता. ऑन्टॅरिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये असे धोरण जाहीर केले की, अशी सरसकट अट ही सकृद्दर्शनी भेदभाव ठरते. पुढे २०२४ च्या एका कायद्याने जाहिरातींतून ही अट घालण्यास मनाई केली आणि ती लागू होण्याची तारीख १ जानेवारी २०२६ अशी ठरविण्यात आली. तेथे जाणाऱ्या मराठी अभियंत्याला अथवा हिशेबनिसाला ही अट ठाऊक असते, कारण ती लिहिलेली असते. मुंबईत कामासाठी आलेल्या कोकणातल्या अथवा घाटावरच्या माणसापुढे तीच अट शंभर वर्षे अलिखित स्वरूपात उभी होती.

ही अलिखित अट मराठी साहित्याने कशी पाहिली, हा येथील विवेचनाचा विषय आहे. गिरणगावाचे, झोपडपट्टीचे, संपाचे आणि शोषणाचे साहित्य मराठीत विपुल आहे. त्या साहित्यातील माणूस बहुतेक वेळा कामगार म्हणूनच वाचकासमोर येतो. गाव सोडणे आणि कामावर लागणे या दोन घटनांमधील काळ मात्र एखाद्या वाक्यात ओलांडला जातो. हा वगळलेला काळ केवळ कथानकाच्या सोयीचा भाग आहे काय, की 'अनुभव' या संज्ञेच्या मराठीतील व्यवहाराशी त्याचा संबंध आहे, हा मूळ प्रश्न होय.

२

साहित्याकडे वळण्यापूर्वी या काळाची वास्तवातील घडण लक्षात घेणे आवश्यक आहे. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढील काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर अशा जिल्ह्यांतून येऊ लागले. या माणसांना कामावर घेण्याचे काम गिरणीचा व्यवस्थापक सहसा स्वतः करीत नसे. ते जॉबरच्या हाती असे. जॉबर हा खात्यातील कामावर देखरेख ठेवणारा, त्याच वेळी माणसे भरणारा आणि काढणारा होता. त्याच्याशी नाते असणे, त्याच्या गावचे असणे, त्याच्या जातीचे असणे किंवा त्याला दस्तुरी देणे, हे कामाच्या दाराशी पोहोचण्याचे मार्ग होते. भारतातील श्रमिकांच्या स्थितीविषयी नेमलेल्या शाही आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीतील लाचखोरीवर टीका केली होती.

कायम काम नसलेल्या माणसाला 'बदली' म्हणत. त्याने रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावे, गैरहजर माणसाच्या जागी बोलावणे आले तर आत जावे, अन्यथा परतावे, असा हा क्रम होता. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली आणि निवडलेल्या बदली कामगारांना कार्डे देण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे जॉबरच्या मर्जीला काही प्रमाणात लगाम बसला. दारातले उभे राहणे मात्र संपले नाही. १९८२ च्या संपापर्यंत बदली कामगारांचा प्रश्न जिवंत होता, यावरून या उंबरठ्याची लांबी कळते.

या व्यवस्थेचा मराठी शब्द 'ओळख' हा होय. 'कुणाची ओळख आहे का?' हा प्रश्न मुंबईत येणाऱ्या प्रत्येकाला विचारला गेला. या शब्दात मराठीने तीन अर्थ एकत्र ठेवले आहेत. ओळख म्हणजे परिचय. ओळख म्हणजे वशिला. आणि ओळख म्हणजे माणसाची स्वतःची खूण, ज्याला अलीकडे अस्मिता असे म्हटले जाते. कामाच्या शोधात हे तिन्ही अर्थ एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. ज्याच्या परिचयाने काम मिळते, त्याचाच माणूस म्हणून नवागताची खूण ठरते. गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत वळकटी ठेवायला जागा, खानावळीत उधारीवर जेवण आणि खात्यात उमेदवारी या गोष्टी एकाच साखळीच्या कड्या होत्या. कसब खात्यातच शिकावयाचे असल्याने पूर्वानुभवाची जागा ओळखीने घेतली; आणि म्हणूनच ज्याच्यापाशी ओळख नाही, त्याचे कसबही कोणास दिसत नसे.

३

ओळख नसलेल्या माणसाची कथा मराठीत ज्यांनी गंभीरपणे लिहिली, त्यांत अण्णाभाऊ साठे यांचे स्थान पहिले आहे. वाटेगावाहून बालपणी कुटुंबासह मुंबईस आलेल्या या लेखकाला महानगरातील हातावरच्या पोटाची कामे जवळून ठाऊक होती. 'माझी मैना गावावर राहिली' या त्यांच्या छक्कडीत स्थलांतराची विरहकथा आहे. 'स्मशानातील सोनं' या कथेत मात्र स्थलांतराचे अर्थशास्त्र आहे, आणि ते कथेच्या रचनेतूनच प्रकट होते.

या कथेतील भीमा वारणाकाठचा. कामाच्या आशेने तो पत्नी आणि मुलीसह मुंबईस येतो, शहर पालथे घालतो, आणि काम न मिळाल्याने उपनगराकडे वळतो. तेथे खाणीत दगड फोडण्याचे काम त्याला मिळते. त्याच्या अंगातील ताकदीला येथे प्रथमच ग्राहक भेटतो. काही महिन्यांत खाण बंद पडते आणि तो पुन्हा होता तेथेच येतो. एके दिवशी चितेच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि त्यानंतर मढी उकरून सोने शोधणे हाच त्याचा व्यवसाय होतो. शेवटी कोल्ह्यांशी झुंज देऊन मिळविलेल्या प्रेताच्या तोंडात त्याची बोटे अडकतात. तो बोटे गमावतो, आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

ही कथा दारिद्र्याच्या भीषणतेची कथा म्हणून सामान्यतः वाचली जाते. तिच्या शेवटातील उपरोधाकडेही समीक्षकांचे लक्ष गेले आहे. तथापि हा उपरोध नेमका कशाचा आहे, याचा विचार पुरेसा झालेला दिसत नाही. भीमापाशी जे आहे ते म्हणजे दगड फोडणारे हात. हेच त्याचे कसब, हाच त्याचा पूर्वानुभव आणि हीच त्याची शिफारस. शहराने या हातांना मान्यता दिली ती केवळ काही महिने. उरलेल्या काळात हेच हात समाजाने निषिद्ध मानलेल्या जागी वापरावे लागले. खाण सुरू झाल्याची बातमी येते तेव्हा काम परत आलेले असते, परंतु काम मागण्याचे साधन नाहीसे झालेले असते. काम आणि कसब यांची भेट चुकते, आणि ही चुकामूक नियतीची नसून श्रमबाजाराच्या वेळापत्रकाची आहे. भीमाने वाट पाहावी, एवढी तजवीज त्या वेळापत्रकात नाही.

येथे मिखाईल बाख्तीनच्या स्थलकालबंधाच्या संकल्पनेचा उपयोग होण्यासारखा आहे. दस्तयेव्हस्कीच्या संदर्भात बाख्तीनने उंबरठ्याच्या स्थलकालबंधाचा निर्देश केला आहे. उंबरठा ही संकटाची, निर्णयाची, आयुष्य पालटून टाकणाऱ्या क्षणाची जागा असते आणि तेथील काळ जणू कालावधी नसलेला असतो. स्थलांतरिताच्या मराठी कथेत उंबरठ्याचे स्वरूप याच्या उलट आहे. येथे उंबरठ्यावर क्षण नसतो. दिवसामागून दिवस असतात. गिरणीच्या दारातली सकाळ रोज येते आणि रोज तशीच असते. ज्या घटनेने कथा पुढे जावी ती घटनाच घडत नाही. पारंपरिक कथानकाला हा काळ पेलत नाही, कारण कथानक घटनांवर चालते आणि काम न मिळणे ही घटना नव्हे. म्हणून बहुसंख्य लेखक तो वगळतात. अण्णाभाऊंनी तो वगळला नाही. त्यांनी त्या रिकाम्या काळात अद्भुताला शोभणारी कृती ठेवली. स्मशान, रात्र, कोल्हे आणि सोने ही सामग्री लोककथेतील आहे. तिचा उपयोग मात्र बेकारीच्या काळाला दृश्यरूप देण्यासाठी झालेला आहे. कथेतील अतिरंजिततेवर आक्षेप घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावयास हवे की, येथे अतिरंजितता वास्तवापासून दूर नेत नाही. साध्या वास्तववादाला जे सांगता येत नव्हते ते ती सांगते.

४

ओळखीच्या तिसऱ्या अर्थाचा प्रश्न बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत येतो. या कथेतील निवेदकाला रेल्वेत नोकरी मिळाली आहे आणि त्यासाठी तो उधन्याला आला आहे. म्हणजे भीमाला जे मिळत नाही ते याला मिळालेले आहे. तरीही त्याचा उंबरठा संपत नाही. तो फक्त कामाच्या दारातून राहत्या घराच्या दारात सरकतो. जागा देणारा प्रथम जात विचारतो. निवेदक त्या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. आपल्या सुशिक्षितपणाच्या आणि मुंबईकरपणाच्या तेजाने तो समोरच्याला गप्प करतो. पुढे सवर्ण सहकाऱ्याच्या घरात त्याला आश्रय मिळतो, आणि जात उघड झाल्यावर मारही मिळतो.

शीर्षकातील 'चोरली' हे क्रियापद विचारात घेण्यासारखे आहे. जात लपविली असे लेखक म्हणत नाही. जी वस्तू स्वतःचीच आहे तिची चोरी कशी होऊ शकते? ती दुसऱ्याच्या मालकीची मानली गेली असेल तरच. माणसाची ओळख सांगण्याचा अधिकार त्या माणसाचा नसून स्थानिक समाजाचा आहे, या व्यवस्थेवर हे क्रियापद बोट ठेवते. नवागताने स्वतःविषयी काही न सांगणे हीच तेथे चोरी ठरते. सर्वसाधारण स्थलांतरिताला स्थानिक अनुभवाचा अभाव नडतो. बागुलांच्या निवेदकाला नडतो तो अनुभवाचा अभाव नव्हे. त्याच्याविषयी स्थानिकांपाशी अगोदरच असलेले 'ज्ञान' त्याच्या आड येते. तो येण्यापूर्वीच त्याची ओळख तेथे पोहोचलेली असते.

या दोन्ही अडचणी एकमेकींत कशा गुंफलेल्या असतात, याचा पुरावा गिरण्यांच्या इतिहासात आहे. साळखाते हे गिरणीतील अधिक मिळकतीचे खाते होते. कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यामुळे विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना या खात्यापासून दूर ठेवले जाई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न उपस्थित केला. या प्रकारातील तर्क पाहण्यासारखा आहे. साळखात्यात प्रवेश नाही म्हणून विणकामाचे कसब नाही. विणकामाचे कसब नाही म्हणून पगार कमी. आणि पगार कमी म्हणून ही माणसे कमी प्रतीच्या कामाचीच, असा निष्कर्ष. अनुभव मिळू न देणे आणि मग अनुभव नाही म्हणून नाकारणे, या दोन क्रिया एकाच हाताच्या आहेत. कॅनडातील अटीला मानवी हक्कांच्या भाषेत जे नाव देण्यात आले, त्याचा आशय परळच्या गिरण्यांत त्याच्या फार आधी सिद्ध झाला होता.

दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये नागपाड्याच्या कावाखान्यातील जीवन येते. तेथील पुरुष गोदीत, हमालीत आहेत. बायका चिंध्या, कागद, काचा, लोखंडाचे तुकडे वेचून विकतात. या कामांना जॉबर लागत नाही. त्यांना उंबरठाच नाही, कारण त्यांना आतली बाजूच नाही. 'बलुतं' या शीर्षकाचा एक अर्थ येथे उलगडतो. गावात बलुत्याच्या रूपाने काम जन्मतःच ठरलेले होते. तेथे ते मागावे लागत नव्हते आणि नाकारताही येत नव्हते. शहराने माणसाला काम शोधण्याचे स्वातंत्र्य दिले, परंतु शोधाच्या शेवटी पुष्कळदा जन्माने ठरलेल्या कामासारखेच काम पुढे केले. पवारांची शैली या प्रक्रियेवर आक्रोश करीत नाही. ती नोंद करते. नोंदीची ही पद्धत पुष्कळ टीकाकारांना अनुभवाच्या प्रामाणिकतेची खूण वाटली. प्रत्यक्षात ती अधिक काही करते. ज्या कामांना कोणी काम म्हणून मोजले नाही, त्यांची ती गणती करते.

५

या चर्चेत स्त्रियांच्या कामाचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे, कारण 'अनुभव' या शब्दाची मर्यादा तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. विसाव्या शतकात गिरण्यांतील स्त्रियांची संख्या घटत गेली. गिरणगावातील अनेक स्त्रियांनी एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खानावळी चालविल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली, ती या खाणावळवाल्यांच्या प्रश्नांतून. ज्या नवागताला अद्याप काम नव्हते, त्याच्या उधारीचा भार या स्त्रियांनी वाहिला. ओळखीच्या ज्या साखळीचा वर उल्लेख केला, तिची एक कडी या स्त्रीच्या चुलीपाशी होती.

असे असूनही गिरणगावाच्या साहित्यात खानावळवाली येते ती बहुधा पार्श्वभूमीवर. कामगाराच्या कथेत ती वात्सल्याचे अथवा कधी शृंगाराचे निमित्त असते. तिने स्वतः या शहरात काम कसे मिळविले, हा प्रश्न विचारला जात नाही. याचे कारण उघड आहे. स्वयंपाक हे तिला येतच होते, असे मानले गेले. जे येतच असते त्याला अनुभव म्हणत नाहीत. पुरुषाच्या बाबतीत गावाकडचे कसब शहरात शून्यवत होते. स्त्रीच्या बाबतीत ते शहरातही उपयोगी पडते, परंतु कसब म्हणून त्याची नोंद होत नाही. दोहोंचा परिणाम एकच. मान्यता देणारा जेथे नाही, तेथे अनुभव असून नसल्यासारखा होतो.

नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहाच्या शीर्षकाचा विचार या संदर्भात करता येतो. ज्याच्यापाशी प्रमाणपत्र नाही असा माणूस येथे प्रमाणपत्र देणारी संस्थाच नव्याने नाव देऊन उभी करतो. रस्ता, गिरणी, वस्ती हे त्याचे विद्यापीठ. या शीर्षकाकडे नम्र अभिमानाचा उद्गार म्हणून पाहिले गेले; परंतु त्यात एक दावाही आहे. अनुभव मान्य करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला सुर्वे यांनी दिलेले ते उत्तर आहे. मात्र 'माझे' या सर्वनामाने हे उत्तर एका व्यक्तीपुरते राहते की समूहाचे होते, हा विवाद्य मुद्दा आहे. कवी म्हणून मान्यता मिळाल्यानंतर हे विद्यापीठ प्रतिष्ठित झाले. त्याच विद्यापीठातील इतर 'पदवीधरांना' ती प्रतिष्ठा मिळाली नाही.

६

सुशिक्षितांच्या स्थलांतराचे चित्र भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांत येते. चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक. त्याच्यापाशी पदवी आहे आणि क्रमाने अध्यापनाचा अनुभवही जमत जातो. तरी प्रत्येक नव्या गावी तो पुन्हा नवाच असतो. महाविद्यालयातील जातींचे गट, संस्थाचालकांचे हितसंबंध आणि गावातील ओळखीपाळखी त्याला दर वेळी नव्याने शिकाव्या लागतात. मराठी प्रदेशातल्या मराठी माणसाचे हे स्थलांतर आहे. भाषा तीच, राज्य तेच. 'स्थानिक' या शब्दाचा परीघ किती लहान असू शकतो, हे या कादंबऱ्या दाखवितात. 'बिढार' हा शब्दच पाठीवर वाहून नेण्याच्या संसाराचा आहे.

येथे नेमाडे यांच्या सर्जनशील लेखनात आणि सैद्धांतिक मांडणीत एक ताण जाणवतो. 'टीकास्वयंवर' (१९९०) मधील देशीयतेची मांडणी साहित्याचे नाते विशिष्ट भूमीशी, तेथील भाषिक आणि सांस्कृतिक परंपरेशी जोडते. परक्या निकषांच्या दडपणाविरुद्ध ही भूमिका आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु भूमीशी असलेले नाते हाच साहित्याच्या अस्सलपणाचा निकष ठरला, तर ज्याने भूमी सोडली आणि ज्याला दुसऱ्या भूमीने स्वीकारले नाही, त्याचा देश कोणता? चांगदेवाची बिढारे या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. ती तो प्रश्न जिवंत ठेवतात. सिद्धांतापेक्षा कादंबरी अधिक मोकळी राहिली, असे म्हणावे लागते. 'स्थानिक अनुभव' ही अट समीक्षेनेच घातली, तर तिचे कामही जॉबरसारखे होते, हा धोका येथे आहे.

या प्रश्नाची उलटी बाजू जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी ओळखीच्या साखळीने खात्यात प्रवेश मिळविला, वर्षानुवर्षे यंत्रांवर हात बसविला, त्यांचा तो अनुभव एकाएकी कोणाच्याच कामाचा राहिला नाही. 'अधांतर'मधील कुटुंब लालबाग-परळमधलेच आहे. ते कोठे गेलेले नाही. त्यांच्या पायाखालचे शहर गेलेले आहे. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटमध्ये रमतो, एक टोळीच्या वाटेने जातो. जन्मभूमीत राहून ही मुले नवागत झाली आहेत. ज्या शहरात त्यांचे पूर्वज अनुभवाशिवाय आले होते, त्याच शहरात तिसरी पिढी अनुभवाशिवाय उभी आहे.

या नाटकातील घर ही एकच खोली आहे आणि तिच्यातून बाहेर पडण्याची प्रत्येकाची धडपड नाट्यव्यापार घडविते. म्हणजे उंबरठा येथे रंगमंचावरच आहे, फक्त दिशा बदललेली आहे. भीमा आत जाऊ पाहत होता. ही माणसे बाहेर जाऊ पाहतात. दोन्हीकडे दाराच्या पलीकडे काम असेल अशी आशा आहे. लेखक होऊ पाहणाऱ्या मुलाची योजना या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. त्याच्यापाशी साहित्याला हवा असतो तो 'अनुभव' भरपूर आहे, आणि बाजाराला हवा असतो तो अजिबात नाही. या दोन अनुभवांतील दरी हाच त्याच्या अवस्थेचा आशय होय.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कामाचा शोध हा समाजशास्त्राचा विषय आहे. साहित्यकृतीत तो आला अथवा आला नाही, यावरून तिच्या कलात्मकतेविषयी काही ठरत नाही, असे म्हटले जाईल. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करूनही उत्तरार्ध मान्य करता येत नाही. वर पाहिलेल्या प्रत्येक कृतीत हा विषय रूपाच्या पातळीवर काही घडवितो. अण्णाभाऊंच्या कथेत तो वास्तवाच्या मध्यभागी लोककथेतील भयाला स्थान देतो. बागुलांच्या कथेत एका क्रियापदाचा अर्थ पालटतो. पवारांच्या आत्मकथनात नोंदीची शैली घडवितो. नेमाडे यांच्या कादंबऱ्यांत पुन्हापुन्हा नव्याने सुरुवात करणारी, चढत न जाणारी रचना निर्माण करतो. आणि 'अधांतर'मध्ये खोलीला नाट्यस्थळ बनवितो. ज्या काळात काही घडत नाही त्या काळाला रूप कसे द्यावे, हा निव्वळ वाङ्मयीन प्रश्न आहे, आणि तो या विषयाने लेखकांपुढे टाकलेला आहे.

समीक्षेच्या दृष्टीने यातून निष्पन्न होणारा मुद्दा 'अनुभव' या संज्ञेच्या वापराविषयीचा आहे. लेखकापाशी अनुभव आहे की नाही, एवढ्यावर मराठी समीक्षा दीर्घकाळ थांबली. जो अनुभव कोणी मान्य केलेला नाही, त्याला साहित्यात प्रवेश कसा मिळतो, हा प्रश्न तिने क्वचितच विचारला. प्रामाणिकतेच्या निकषाने काही नव्या लेखकांना दार उघडले हे खरे. परंतु पुढे याच निकषाने त्यांच्याकडून एका ठरावीक अनुभवाची अपेक्षा धरली. झोपडपट्टीतील लेखकाने झोपडपट्टीच लिहावी, परदेशी गेलेल्याने स्मरणरंजनच लिहावे, ही अपेक्षाही एक प्रकारची स्थानिक अनुभवाची अटच आहे.

परदेशात स्थिरावलेल्या मराठी माणसाच्या लेखनातही काम मिळण्यापूर्वीचे महिने बहुधा एखाद्या वाक्यात संपतात. यश मिळाल्यानंतर ते सांगण्याजोगे राहत नाहीत आणि यश मिळाले नाही तर सांगणाराच उरत नाही. गिरणगावाच्या साहित्यातही हेच घडले. ज्यांना खात्यात जागा मिळाली त्यांच्या कथा लिहिल्या गेल्या. जे सकाळच्या दारातून गावाकडे परतले, त्यांची कथा लिहिण्याइतकी ओळख साहित्यात कोणाची नव्हती. भीमाची कथा लिहिली गेली हा अपवाद आहे, आणि हा अपवाद ज्या लेखकाने केला तो स्वतः त्या दारात उभा राहिलेला होता, ही बाब अनुभवाच्या कोणत्याही नव्या सिद्धांताने विचारात घ्यावी लागेल.